न उघडणारे पुस्तक

एका खेड्यातल्या शाळेची कल्पना करा. आठवीच्या मुलामुलींनी वर्षभर खपून गावातील जुन्या विहिरींची माहिती गोळा केली. कोणती विहीर किती हात खोल, तिचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाते, ती कोणी खोदली, मोट कधी बंद झाली आणि पंप कधी बसला, असे सारे काही त्यांनी टिपून घेतले. या माहितीचे बारा प्रकरणांचे पुस्तक करावे असे ठरले. पूर्वी अशा वेळी शाळेतून हस्तलिखित निघत असे. या मुलांनी मात्र ई-पुस्तक तयार करायला घेतले. शाळेत संगणक होता आणि ई-पुस्तक लिहिण्याचा मोफत मिळणारा प्रोग्रामही होता.

पुस्तकातील नववे प्रकरण सर्वांच्या आवडीचे होते. ते होते १९७२ च्या दुष्काळाविषयी. गावातल्या एका वृद्ध आजोबांना मुलांनी शाळेत बोलावले, त्यांना खुर्चीवर बसवले आणि त्यांचे बोलणे थेट संगणकावर उतरवून घेतले. गावातल्या कोणत्या विहिरी आटल्या, कोणती एक टिकली, तिच्यावर रांग कशी लागे, खडी फोडण्याच्या कामावरून आल्यावर पाणी कसे वाटून घेत, हे सारे आजोबांनी सांगितले. पुढे पावसाळ्यात आजोबा वारले.

आणि एके दिवशी संध्याकाळी, पुस्तकाची फाइल पेन ड्राइव्हवर साठवली जात असतानाच वीज गेली. वीज आल्यावर मुलांनी फाइल उघडायला घेतली, तेव्हा पडद्यावर उत्तर आले : हे ई-पुस्तक नाही, उघडता येत नाही.

“बाई, सगळे पुस्तक गेले!” मुले म्हणाली.

खरोखरच सगळे पुस्तक गेले होते का? फाइल उघडत नाही, याचा अर्थ तिच्यातील मजकूर पुसला गेला असाच होतो का? विद्यार्थी मित्रांनो, आज आपण या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. त्यासाठी ई-पुस्तकाच्या फाइलीच्या पोटात शिरावे लागेल.

पहिला नियम : हात लावू नका

बाईंनी प्रथम एक गोष्ट केली. त्यांनी पेन ड्राइव्हवर काहीही नवे साठवायचे नाही, असे सर्वांना बजावले. मग त्या नादुरुस्त फाइलीची एक प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून घेतली आणि मूळ पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून दिला. पुढचे सर्व प्रयोग या प्रतीवर करायचे.

असे का केले? पेन ड्राइव्हवर फाइल कोठे आहे याची नोंद एका यादीत असते आणि मजकूर दुसरीकडे असतो. फाइल पुसली, तरी बहुधा यादीतील नोंदच खोडली जाते. मजकूर जागच्या जागी राहतो. फक्त ती जागा ‘रिकामी’ समजली जाते. आपण नवी फाइल साठवली की ती नेमकी त्याच जागेवर लिहिली जाण्याचा संभव असतो. तसे झाले तर जुना मजकूर कायमचा जातो. गोंधळून जाऊन पुनःपुन्हा ‘साठवा’चे बटण दाबणे हे म्हणूनच सर्वांत घातक. वीज गेल्याने झालेल्या नुकसानापेक्षा या घाईने झालेले नुकसान पुष्कळदा मोठे असते.

त्यानंतर बाईंनी फाइलीचा आकार पाहिला. तो होता ८१,९२० बाइट. बाइट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक छोटा खण. त्यात ० ते २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते. आकार शून्य नव्हता, ही आनंदाची गोष्ट. आणखी एक गोष्ट एका मुलाने हिशेब करून दाखवली. ८१,९२० ला ४,०९६ ने भागले तर बरोबर २० येतात, बाकी काही उरत नाही. पेन ड्राइव्ह आपली जागा ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी वाटत असतो, आणि ४,०९६ बाइट हा त्या तुकड्याचा नेहमी आढळणारा एक आकार आहे. फाइल बरोबर तुकड्याच्या कडेवर संपते, याचा अर्थ ती लिहिता लिहिता मध्येच थांबली असावी. म्हणजे मजकूर बिघडलेला नव्हता, तर शेपटीकडचा भाग लिहिलाच गेला नव्हता. रोगाचे निदान झाले की उपाय शोधणे सोपे जाते.

ई-पुस्तक म्हणजे मालगाडी

ई-पुस्तकांसाठी सर्वत्र वापरला जाणारा साचा म्हणजे ‘ईपब’. तो २००७ साली ठरवण्यात आला. सिजिल किंवा कॅलिबर यांसारख्या प्रोग्रामांत ई-पुस्तक लिहिता येते व दुरुस्तही करता येते. यांतील कॅलिबर हा प्रोग्राम कोविद गोयल या भारतीय तज्ज्ञाने २००६ साली लिहायला घेतला आणि तो आज जगभर वापरला जातो.

ईपब फाइल आपल्याला एकच दिसते, पण ती एक नसते. ती असते एक गाठोडे. प्रत्येक प्रकरण ही त्यातली एक वेगळी फाइल. चित्रे वेगळी, अक्षरांच्या आकाराविषयीच्या सूचना वेगळ्या, प्रकरणांचा क्रम सांगणारी यादी वेगळी. हे सर्व दाबून, आवळून एका गाठोड्यात बांधलेले असते. गाठोडे बांधण्याच्या या पद्धतीचे नाव ‘झिप’. ती फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामकाराने १९८९ साली आणली. कॅट्झचा जन्म १९६२ चा. तो २००० साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. पण आजही प्रत्येक झिप फाइलीच्या आरंभी पी आणि के ही दोन रोमन अक्षरे असतात. ती त्याच्याच नावाची आद्याक्षरे!

झिपची रचना समजून घ्यायची तर मालगाडी डोळ्यांसमोर आणा. गाडीला अनेक डबे आहेत. प्रत्येक डब्याच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली आहे : डब्यात काय आहे, किती आहे. शिवाय गाडीच्या अगदी शेवटी गार्डचा डबा आहे आणि गार्डजवळ संपूर्ण गाडीची यादी आहे : पहिल्या डब्यात हे, दुसऱ्यात ते, अमुक डबा इंजिनापासून इतक्या अंतरावर. स्टेशनमास्तरला गाडीत काय आहे हे पाहायचे असेल तर तो प्रत्येक डब्यापाशी जात नाही. तो सरळ गार्डकडे जाऊन यादी मागतो.

झिप फाइलीतही तसेच असते. प्रत्येक आतल्या फाइलीच्या आधी तिची चिठ्ठी असते. चिठ्ठीचा आरंभ ८०, ७५, ३, ४ या चार बाइटांनी होतो. यांतील ८० म्हणजे पी आणि ७५ म्हणजे के. गाठोड्याच्या शेवटी सर्व फाइलींची यादी असते. तिच्यातील प्रत्येक नोंद ८०, ७५, १, २ ने सुरू होते. आणि सर्वांत शेवटी ‘यादी संपली’ अशी खूण : ८०, ७५, ५, ६.

यादी शेवटीच का ठेवली असेल? सगळे डबे भरून झाल्याशिवाय कोणता डबा किती लांबीचा आणि कोठे, हे कळत नाही. म्हणून यादी शेवटी लिहिणे सोयीचे. पण याच सोयीतून आपली अडचण निर्माण झाली. वीज गेली तेव्हा गाडीचा पुढचा भाग तयार झाला होता आणि गार्डचा डबा जोडायचा राहिला होता. ई-पुस्तकाच्या प्रोग्रामने नेहमीप्रमाणे शेवटाकडून यादी शोधली. यादी मिळाली नाही, तेव्हा त्याने जाहीर केले की हे ई-पुस्तकच नव्हे. डबे मात्र मालाने भरलेले, दारावरच्या चिठ्ठ्यांसकट रुळावर उभे होते!

साठवताना काय घडते?

येथे एक शंका कोणीही काढील. आदल्या दिवशी साठवलेले पुस्तक तर त्याच पेन ड्राइव्हवर होते. ते तरी का उरले नाही?

आपण टंकलिखित करतो तो मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. वीज गेली की ही स्मृती कोरी होते. ‘साठवा’ म्हटले की मजकूर पेन ड्राइव्हकडे निघतो. पण तोही लगेच पोचत नाही. संगणक लिहिण्याची कामे थोडी साचू देतो आणि मग एकदम उरकतो. पडद्यावर ‘साठवले’ असे दिसले तरी काही बाइट वाटेतच असू शकतात. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी संगणकाला तशी सूचना देऊन परवानगी येईपर्यंत थांबायचे असते, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट अशी की, जुन्या फाइलीवरच नवी लिहायची असेल तर पुष्कळदा प्रथम जुनीची लांबी शून्य केली जाते आणि मग नवी पहिल्यापासून लिहिली जाते. पाटी पुसून त्याच पाटीवर नवे गणित लिहावे तसे. मध्येच खंड पडला तर जुने गणित पुसले गेलेले आणि नवे अपुरे, अशी अवस्था होते. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेले प्रोग्राम दुसरी पाटी घेतात. नवी फाइल निराळ्या नावाने पूर्ण लिहितात, आणि ती पुरी झाल्यावरच तिला जुन्या फाइलीचे नाव देतात. नाव बदलणे हे फार छोटे काम आहे. वीज त्याच्या आधी गेली तर जुनी फाइल शाबूत राहते, नंतर गेली तर नवी शाबूत असते.

चिठ्ठ्यांचा शोध

आता दुरुस्तीकडे वळू. गार्डची यादी नसेल तर स्टेशनमास्तरने काय करावे? कंदील घेऊन इंजिनापासून निघावे आणि एकेका डब्याची चिठ्ठी वाचत जावे. वेळ लागेल, पण यादी पुन्हा तयार होईल.

बाईंनी हेच केले. फाइलीतील बाइट जसेच्या तसे दाखवणारे प्रोग्राम असतात. त्यांना हेक्स एडिटर म्हणतात. ते संख्या दशमान पद्धतीऐवजी षोडशमान पद्धतीत दाखवतात. त्यामुळे ८० ऐवजी तेथे ५० दिसतात; कारण ५ × १६ = ८०. या प्रोग्रामात पी-के ही खूण शोधली तेव्हा ती एकामागून एक सापडत गेली. पहिल्या प्रकरणाची चिठ्ठी, दुसऱ्याची, तिसऱ्याची, आणि अखेर नवव्याचीही. त्यानंतर खूण मिळाली नाही.

हे काम हाताने करावे लागतेच असे नाही. झिप फाइली बांधणाऱ्या ‘झिप’ नावाच्या मोफत प्रोग्रामाला ‘एफ-एफ’ अशी सूचना दिली की तो यादीवर न विसंबता फाइल पहिल्यापासून चाळतो, चिठ्ठ्या गोळा करतो आणि नवी यादी बनवतो. कॅलिबरमध्येही यादी हरवलेले गाठोडे चिठ्ठ्यांच्या आधारे वाचण्याची सोय आहे. पण आत काय चालते हे ठाऊक असले, म्हणजे प्रोग्रामाने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला ठरवता येते.

तसे पाहिले तर प्रत्येक फाइलीचे नाव दोनदा लिहिणे, एकदा चिठ्ठीत आणि एकदा यादीत, ही जागेची उधळपट्टीच वाटते. पण संकटाच्या वेळी या पुनरुक्तीनेच पुस्तक वाचवले.

पडताळ्याची बाकी

आठ प्रकरणे सापडली खरी, पण ती जशीच्या तशी होती कशावरून? मध्येच एखादा बाइट बदलला असेल तर? ‘विहीर ४० हात खोल’ याचे ‘७० हात’ झाले असेल आणि कोणाच्या लक्षातच आले नाही तर? न मिळालेल्या माहितीपेक्षा चुकीची मिळालेली माहिती अधिक फसवी.

यासाठी चिठ्ठीवर आणखी एक संख्या लिहिलेली असते. तिला सीआरसी म्हणतात. ही कल्पना डब्ल्यू. वेस्ली पीटरसन या गणितज्ञाने १९६१ साली मांडली. तिचे मूळ आपल्या ओळखीच्या भागाकारात आहे.

५,८३,२४१ ही संख्या घ्या आणि तिला ९७ ने भागा. भागाकार ६,०१२ येईल आणि बाकी ७७ उरेल. आता मूळ संख्येबरोबर ही ७७ बाकीही लिहून ठेवा. पुढे शेवटचा अंक चुकून बदलला आणि संख्या ५,८३,२४७ झाली, तर बाकी ८३ येईल. किंवा मधल्या दोन अंकांची अदलाबदल होऊन ५,८३,४२१ झाली, तर बाकी ६३ येईल. लिहून ठेवलेल्या ७७ शी ती जुळणार नाही आणि चूक उघडी पडेल. मात्र संख्येत नेमके ९७ मिळवले गेले, तर बाकी तीच राहील आणि चूक लपून जाईल. भाजक जितका मोठा, तितका असा योगायोग दुर्मीळ.

संगणक संपूर्ण प्रकरण ही एक प्रचंड संख्या आहे असे मानतो, तिला एका ठरलेल्या भाजकाने भागतो आणि बाकी चिठ्ठीवर लिहून ठेवतो. हा भागाकार आपल्या नेहमीच्या भागाकाराहून थोडा निराळा असतो. त्यात हातचा घ्यायचा नसतो. झिपमधील बाकी ३२ बिटांची असते, म्हणजे ती ४,२९,४९,६७,२९६ प्रकारांपैकी कोणत्याही एका प्रकारची असू शकते. तेव्हा अस्ताव्यस्त बिघडलेल्या प्रकरणाची बाकी योगायोगाने जुळण्याचा संभव सुमारे ४२९ कोटींत एक. पहिल्या आठ प्रकरणांच्या बाक्या तंतोतंत जुळल्या. ती प्रकरणे शाबूत होती, असे आता खात्रीने म्हणता आले.

अर्धा डबा

राहिले नववे प्रकरण. त्याची चिठ्ठी पूर्ण होती, पण डबा मधोमध तुटलेला. चिठ्ठी सांगत होती की मूळ मजकूर ३१,४०० बाइटांचा आहे. तुटलेल्या डब्यातून किती निघेल?

हे कळण्यासाठी मजकूर दाबून कसा भरतात ते पाहू. त्यात दोन युक्त्या एकत्र केलेल्या असतात. पहिली अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या दोघांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. एखादा शब्द पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके बाइट मागे जा आणि तेथून इतके उतरवून घे’ एवढीच सूचना लिहायची. विहिरींच्या पुस्तकात ‘विहीर’ हा शब्द किती वेळा येईल याचा विचार करा, म्हणजे या युक्तीने किती जागा वाचते ते ध्यानात येईल. दुसरी युक्ती डेव्हिड हफमन याची. तो अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत विद्यार्थी असताना त्याच्या प्राध्यापकांनी परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा दिली, आणि त्या निबंधासाठी त्याने ही युक्ती शोधून काढली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड खुणा द्यायच्या आणि क्वचित येणाऱ्यांना लांब, हे तिचे सार.

अशा मजकुराचा एक गुण आहे आणि एक दोष. ‘मागे जा’ अशीच सूचना असते, ‘पुढे जा’ अशी कधीच नसते. म्हणून तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर आरंभापासून नीट उलगडत येतो. हा गुण. पण मध्येच एखादा बाइट बिघडला तर त्यापुढचा सारा उलगडा विसकटतो, कारण पुढच्या सूचना मागच्या मजकुरावर अवलंबून असतात. हा दोष. सुदैवाने झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते. त्यामुळे एका प्रकरणाचा बिघाड दुसऱ्यात शिरत नाही. जहाजाच्या तळाशी वेगवेगळे बंद कप्पे करतात, एकात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहावेत म्हणून. त्यातलाच हा प्रकार. संपूर्ण पुस्तक एकाच लांबलचक फाइलीत लिहिण्यापेक्षा प्रकरणवार फाइली करणे का चांगले, ते यावरून समजेल.

नवव्या प्रकरणाचे २०,९०० बाइट उलगडले. पण शेवट विचित्र होता. ‘विही’ एवढी अक्षरे आणि पुढे एक काळा चौकोन. तो कोठून आला?

संगणक अक्षरे ओळखत नाही, संख्याच ओळखतो. कोणत्या अक्षराला कोणत्या संख्या, हे आज बहुतेक सर्वत्र यूटीएफ-८ या पद्धतीने ठरते. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. साध्या रोमन अक्षराला तिच्यात एक बाइट पुरतो, तर देवनागरी चिन्हाला तीन लागतात. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. काना, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणून ‘विहीर’ या शब्दात व, ऱ्हस्व वेलांटी, ह, दीर्घ वेलांटी आणि र अशी पाच चिन्हे आणि १५ बाइट होतात.

आपला मजकूर संपला होता तो २२४, १६४ या दोन बाइटांवर. तिसरा बाइट तुटून गेला होता. अर्धवट अक्षर दाखवता येत नाही म्हणून संगणकाने चौकोन दाखवला. तेथे ‘र’ असणार हे आपल्याला सहज कळते. पण पहिल्या दोन बाइटांवरून एकंदर ६४ चिन्हे संभवतात. ‘र’ हा आपला तर्क आहे, फाइलीत तो नाही. जुने ताम्रपट आणि शिलालेख वाचणारे संशोधक झिजलेले अक्षर तर्काने भरतात तेव्हा ते कंसात घालतात, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ कोणते आणि भर कोणती हे कळते. मुलांनीही तसेच केले : विही[र].

यूटीएफ-८ ची रचना आणखी एका दृष्टीने उपकारक आहे. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी २२४ असतो आणि पुढचे दोन १२८ ते १९१ च्या दरम्यान. म्हणून मध्येच एखादा बाइट हरवला तरी पुढचा २२४ सापडताच वाचन पुन्हा मार्गावर येते. एका अक्षराच्या जाण्याने सारी ओळ वाया जात नाही. कधी कधी मराठी मजकुराच्या जागी माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि इतर चमत्कारिक चिन्हे ओळीने दिसतात. तेव्हा मजकूर बिघडलेला नसतो. संगणक यूटीएफ-८ ऐवजी दुसऱ्याच पद्धतीने तो वाचत असतो. अशा वेळी काहीही न साठवता वाचण्याची पद्धत तेवढी बदलावी.

पुन्हा जुळणी

प्रकरणाच्या फाइलीत मजकुराबरोबर खुणाही असतात : येथे परिच्छेद सुरू, येथे संपला, येथे प्रकरण सुरू, येथे संपले. बीजगणितात उघडलेला प्रत्येक कंस मिटावा लागतो, तसाच येथेही नियम आहे. एक खूण मिटायची राहिली तर वाचणारा प्रोग्राम सबंध प्रकरण नाकारू शकतो. नवव्या प्रकरणाचा शेवटच गेला होता, तेव्हा मिटवणाऱ्या खुणाही गेल्या होत्या. त्या हाताने लिहिल्या. शेवटी कंसात एक ओळ घातली : ‘येथून पुढील मजकूर उपलब्ध नाही.’

मग मुलांनी एक नवे कोरे ई-पुस्तक उघडले आणि वाचवलेली नऊ प्रकरणे त्यात एकेक करून घातली. प्रकरणांचा क्रम सांगणारी यादी प्रोग्रामने पुन्हा तयार केली. पुस्तक लगेच नव्या नावाने साठवले आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढली.

काय परत आले, काय नाही

आता हिशेब पाहू. पहिली आठ प्रकरणे पूर्ण मिळाली. दहावे आणि अकरावे प्रकरण फाइलीत नव्हते, पण तीन आठवड्यांपूर्वीची एक प्रत शाळेच्या संगणकावर पडून होती, तिच्यात ती दोन्ही सापडली. बारावे प्रकरण म्हणजे सर्वांचा समारोप होता. तो पुन्हा लिहिता आला.

नवव्या प्रकरणाचे ३१,४०० पैकी २०,९०० बाइट मिळाले. उरलेले १०,५०० बाइट म्हणजे सुमारे साडेतीन हजार चिन्हे. आजोबांच्या बोलण्याचा शेवटचा भाग त्यांत होता. एका मुलीच्या वहीत त्यातील काही मुद्दे होते : विहिरीचे नाव, रांगेची वेळ, घरटी किती घागरी. ते मुद्दे पुस्तकात छापले, पण ‘वहीवरून’ अशी टीप देऊन. आजोबांचे शब्द मात्र परत आले नाहीत. ते दुसरीकडे कोठेच लिहिलेले नव्हते.

या हिशेबात सर्व धडा आला. फाइलीची यादी गेली तर चिठ्ठ्यांवरून ती पुन्हा करता येते, कारण तीच माहिती दोन ठिकाणी असते. बदललेला बाइट बाकीवरून ओळखता येतो, कारण मजकुराचा पडताळा निराळा लिहिलेला असतो. जे दोन ठिकाणी आहे ते परत मिळते. जे एकाच ठिकाणी होते आणि तेथूनही गेले, ते कोणत्याही प्रोग्रामला आणता येत नाही.

म्हणून महत्त्वाच्या लिखाणाच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी, असा नियम जाणकार सांगतात. शाळेच्या संगणकावर एक, पेन ड्राइव्हवर एक आणि कोणाच्या तरी घरी एक. रोज नवी प्रत काढताना कालची पुसू नये. नावापुढे तारीख घालावी. वीज जाणाऱ्या गावात हा नियम विशेष पाळावा.

करून पाहा

मोफत मिळणाऱ्या एखाद्या ईपब पुस्तकाची प्रत काढा. (मूळ फाइलीला हात लावू नका!) प्रतीच्या नावातील शेवटचे ‘ईपब’ काढून तेथे रोमन लिपीत ‘झिप’ असे लिहा आणि ती उघडा. आतील प्रकरणे, चित्रे आणि याद्या वेगवेगळ्या दिसतील. आता दुसरी एक प्रत हेक्स एडिटरमध्ये उघडा. पहिली दोन अक्षरे पी-के असतील. नियमानुसार बांधलेल्या ईपबमध्ये पहिले ३० बाइट सोडले की ‘माइमटाइप’ हा आठ अक्षरांचा रोमन शब्द दिसतो, आणि त्याला लागूनच ‘अ‍ॅप्लिकेशन/ईपब+झिप’ ही २० अक्षरे. हे ई-पुस्तक आहे हे एका दृष्टिक्षेपात कळावे, म्हणून एवढा भाग न दाबता लिहिलेला असतो. त्यानंतर पी-के ही खूण पुनःपुन्हा शोधत शेवटपर्यंत जा आणि किती डब्यांची गाडी आहे ते मोजा. शेवटी गार्डचा डबाही सापडेल.

आणि घरात कोणी आजी-आजोबा जुन्या गोष्टी सांगत असतील तर त्या लिहून घ्या. लिहून झाल्यावर त्याच दिवशी दुसरी प्रत काढा.